मोहाखालची दहा मिनिटं

तेलंगणातल्या बोथच्या चंपत मिस्त्रीला लोक झोपाळू म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. गाडी दारात आली की दुसरे मिस्त्री आधी पाना उचलतात. चंपत इंजीन चालू ठेवायचा, शेजारच्या बाजेवर आडवा व्हायचा आणि डोळे मिटायचा. बऱ्याच वेळानं उठून सांगायचा, "तिसरा प्लग धड जळून नाई राह्यला." प्लग काढून पाहावा तर तसंच निघायचं. उघड्या डोळ्यांना फार दिसतं म्हणून कानाला कमी ऐकू येतं, असं त्याचं म्हणणं. बायको रुख्मिणी म्हणायची, "आळशी माणसाले कारण सापडलं म्हना!"

पण नीलिमाच्या जीपनं या माणसाची खरोखरीची झोप उडवली होती.

जीप तिच्या नवऱ्याची, राजकुमारची. सीमेवरच्या गावातून बोथपर्यंत माणसं भरून त्यानं ती पंधरा वर्षं चालवली. दोन वर्षांपूर्वी तो काविळीनं गेला आणि नीलिमानं स्टिअरिंग हाती घेतलं. लोकांनी थोडे दिवस नाकं मुरडली, मग मुकाट्यानं बसू लागले. बाई गाडी बरी चालवते, हे त्यांना कबूल करावंच लागलं.

गेल्या दिवाळीपासून मात्र जीप वाटेत बंद पडायला लागली, आणि तीही एकाच ठिकाणी. रस्त्याच्या बरोबर मध्यावर मोहाचं मोठं झाड आहे. जाताना तिथंच, येतानाही तिथंच. आधी गचके, मग कितीही रेस दिली तरी इंजीन मरगळून जायचं आणि गप्प व्हायचं. दहा मिनिटं गेली की काही झालंच नाही अशा थाटात सुरू. राजकुमार त्याच झाडाखाली विडी ओढायला गाडी उभी करायचा. मग काय, लोकांना तेवढं पुरे. "राजकुमारच गाडी थांबवते," म्हणत बाया सावलीत उतरायच्या. नीलिमा यावर हो म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे.

चंपतला बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. भुताखेताचं नाव काढलं की त्याचं डोकं तापायचं. त्यानं प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, फिल्टर नवा घातला, पंप तापत असेल म्हणून त्यावर ओलं फडकंही गुंडाळून पाहिलं. त्याच्या अंगणात जीप शहाण्यासारखी गुरगुरायची आणि मोहाखाली गेली की मरायची. घाईची माणसं ऑटोनं जाऊ लागली.

"या महिन्यात नाई जमलं तं भंगारात देऊन टाकतो, मामा," नीलिमा म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. चंपतला त्या रात्री जेवण गेलं नाही.

म्हणून चैत्रातल्या एका सकाळी तो गावाकडून येणाऱ्या खेपेला तिच्या शेजारी बसला आणि डोळे मिटून घेतले. झाडांच्या सावल्या पापण्यांवरून सरकत होत्या. मागे चंपाबाई सुनेच्या गोष्टी सांगत होती, कुणी तेलुगूत हसत होतं. मोहाचा गोड, जड वास आला तसा चंपत अर्धा झोपेत गेला. त्याला वाटलं, आपण पाण्याखालून चाललो आहोत आणि सोबतीला कुणीतरी श्वास धरून चालतंय. श्वास संपत चाललाय, पण ते माणूस काही बोलत नाही.

गचका बसला. आणखी दोन. मग सगळं शांत.

ताडपत्रीवर मोहफुलं टपटपत होती. माणसं उतरली. चंपतनं एक डोळा किलकिला केला. नीलिमा स्टिअरिंगवर हात ठेवून पुटपुटत होती. "आयकलं का, आपल्या साक्षीचे बारावीचे पेपर चांगले गेले. फिजिक्सचं तेवढं भेव वाट्टे." चंपतनं डोळा झटकन मिटला. दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं त्याला झालं. ही गाडी दुरुस्त झाली तर हिची दहा मिनिटं जातील, आणि नाही झाली तर गाडीच जाईल. काय करावं माणसानं?

एवढ्यात अमृतराव नावाचे पहिल्यांदाच बसलेले गृहस्थ खेकसले. त्यांना कचेरीत पोचायची घाई होती. "बाई, पेट्रोल तं हाये ना? दाखवा मले!"

नीलिमा खाली उतरली आणि तिनं टाकीचं टोपण फिरवलं.

हुस्सऽऽ.

त्या पाण्याखालच्या माणसानं छाती भरून श्वास घेतला.

"चालू कर," चंपत डोळे न उघडता म्हणाला. जीप एका किल्लीत सुरू झाली. चंपाबाईनं मोहफुलं वेचायला टोपली नुकतीच खाली टेकवली होती. "आज इतक्यात?" ती नाराजीनं म्हणाली.

बोथला माणसं उतरल्यावर चंपतनं टोपण हातात घेतलं. आतल्या बाजूला एक वेडंवाकडं भोक होतं आणि बाहेरून ते मसाला भरून, वर रंग मारून बुजवलेलं होतं.

"टाकीतून पेट्रोल जाते, तेवढी हवा आत याले पायजे, पोरी. नाई आली तं इंजीन उपाशी मरते. अर्ध्या वाटेत दम संपते, म्हून दोन्हीकडून मोहाखालीच मरते. उभी राह्यली की कुठून तरी थोडी हवा झिरपते, मंग चालते. सारं खोललं मी, टोपण तेवढं नाई पाह्यलं. गाढव म्हन मले."

नीलिमा टोपणाकडे बघत राहिली. "दिवाळीले गाडी रंगवली तवा मीच बुजवलं. पावसाचं पानी जाइन म्हून. साक्षीचे बाबा होते तवा नवं टोपण आनलं आन् दुसऱ्याच दिवशी त्यायनं खिळा ठोकून भोक पाडलं होतं. लय भांडली मी. काऊन नासवलं म्हून इचारलं, तं नुसते हासले."

चंपतनं टोपण तिच्या हातात दिलं. आपण हिची दहा मिनिटं हिरावून घेणार म्हणून तो सकाळपासून भीत होता!

"राजकुमार गाडी थांबवत नोता, पोरी," तो म्हणाला. "तो चालवून राह्यला होता. तू बुजवलं, तवा थांबली."

नीलिमा पडलेल्या टायरावर बसली आणि मोकळी रडली. दोन वर्षांत तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. मग तिनं डोळे पुसले, चंपतकडून खिळा आणि हातोडी मागून घेतली आणि भोक स्वतःच्या हातानं मोकळं केलं.

परतीच्या खेपेला चंपाबाई टोपली मांडीवर घेऊन उतरायच्या तयारीत बसली होती. "अव, झाड गेलं ना!" ती ओरडली. जीप चढ चढून पुढे निघाली होती. नीलिमानं वळण येईपर्यंत आरशात झाड पाहिलं आणि गिअर बदलला.

हल्ली जीपच्या किल्लीला एक खिळा बांधलेला असतो. दर रविवारी नीलिमा त्यानं टोपणाचं भोक साफ करते, आणि साक्षीचं काही सांगायचं असेल तर ते तेव्हाच सांगून टाकते.