मावशीची सनद

माझ्या मावशीला गावच्या कोर्टात सगळे ‘तोफ’ म्हणायचे. ती उलटतपासणीला उभी राहिली की साक्षीदार आधी पाणी मागायचा. पोटगी, फारकत, सासरी अडकलेले दागिने, अशा दाव्यांत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. काकांना परदेशात कारखान्यात यंत्रदुरुस्तीची नोकरी लागली, तेव्हा तिने आपले पक्षकार दुसऱ्या वकिलांकडे सोपवले. निघताना म्हणाली, “माणसं तिथेही भांडतच असतील ना? मग मला काय काम कमी!”

माणसं भांडत होती, पण मावशीच्या सनदेला तिथे काडीची किंमत नव्हती. सनद देणाऱ्या मंडळाने कळवलं, की आधी इथल्या कायद्याचे पाच पेपर द्या, मग एखाद्या वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करा, मग बघू. तोवर मावशी एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करू लागली. मी तेव्हा शिकायला त्यांच्याकडेच होते. कामावरून आली की ती ओट्यावर पुस्तक ठेवून उभ्यानेच वाचायची. बसलं की डोळे मिटायचे.

तीन पेपर सुटले. मालमत्तेच्या कायद्यात मात्र दोनदा आपटली. “डोक्यात उत्तर तयार असतं गं,” ती म्हणायची, “पण परक्या भाषेत उतरवेपर्यंत घंटा होते.” काका एकदा काळजीपोटी म्हणाले, “आता पुरे कर. जिवाचे किती हाल करून घेशील?” ती आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. पुढच्या खेपेला तो पेपर सुटला. आता एकच उरला होता.

त्याच सुमारास लाँड्रीत तिच्या शेजारी काम करणाऱ्या बाईचा तळहात इस्त्रीच्या यंत्राखाली भाजला. यंत्राची हात अडवणारी जाळी कित्येक दिवस तुटलेली होती. मालकाने थोडे पैसे पुढे केले आणि ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहिलेला कागद सहीसाठी दिला. कपडे बदलायच्या खोलीत त्या बाईने तो मावशीला दाखवला.

सनदेशिवाय कायद्याचा सल्ला देणं तिथे गुन्हा होता. मावशीला हे पक्कं ठाऊक होतं. तिने आधी मान फिरवली. मग ती बाई डाव्या हाताने पेनाचं टोपण काढायला लागली, तेव्हा मावशी बोलून गेली, “सही करू नकोस. केलीस तर नुकसानभरपाईचा हक्क गेला. मोफत वकील मिळतात, त्यांना गाठ.”

त्या बाईने सही केली नाही, तिला वकील मिळाला, आणि कृतज्ञतेने ती ज्याला त्याला सांगत सुटली, की आमच्या लाँड्रीतल्या वकीलबाईंनी मला वाचवलं. ते मालकाच्या कानावर गेलं. त्याने मावशीला कामावरून काढलं आणि वर मंडळाकडे तक्रारही ठोकली.

चौकशीच्या दिवशी सकाळी काकांनी तिच्याकडून घोकून घेतलं. “मैत्रीण म्हणून बोलले. एवढंच म्हण. ते खोटंही नाही.”

“एवढंच म्हणते,” मावशी म्हणाली.

मी सोबत गेले होते. लांबट टेबलापलीकडे तिघं बसली होती. मधल्या बाईंनी सौम्यपणे विचारलं, “तुम्ही हे वकील म्हणून सांगितलंत का?”

इतक्या वर्षांत त्या देशात ‘तुम्ही’ आणि ‘वकील’ हे शब्द कोणी तिला उद्देशून एका वाक्यात उच्चारले नव्हते. मावशी ताठ झाली. गावच्या कोर्टातला तिचा आवाज मी तिथे पहिल्यांदाच ऐकला.

“हो.”

पुढच्याच क्षणी तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण शब्द लिहून घेतला गेला होता.

जिन्यात ती पायरीवर मटकन बसली आणि हसली. “स्वतःचीच केस हरले. तीही समोरच्याने जोर न लावता.” मग ते हसणं थांबेना आणि त्याचं रडणं कधी झालं ते कळलंच नाही. काका खाली गाडीपाशी उभे होते. तिचा चेहरा पाहून त्यांनी गाडीचं दार उघडलं.

तिचा सनदेचा अर्ज रद्द झाला. तीन वर्षं नवा अर्ज करता येणार नाही, आणि त्यानंतर केला तर पाचही पेपर नव्याने द्यायचे. मावशीने एका इस्पितळाच्या लाँड्रीत काम धरलं. जेवताना मध्येच घास हातात धरून ती म्हणायची, “मी हो का म्हणाले?” काका म्हणायचे, “जेव आधी.”

त्या बाईला भरपाई मिळाली. सांगायला ती घरी आली, मावशीच्या गळ्यात पडून रडली. मावशीने तिला चहा दिला, बोटं नीट वळतात का ते पाहिलं, आपल्या अर्जाबद्दल अवाक्षर काढलं नाही. दार लावून घेतल्यावर मात्र ती तिथेच भिंतीला टेकली.

“तिचं भलं झालं,” ती मला म्हणाली, “आणि मला आनंदसुद्धा होत नाहीये गं. असले दावे जिंकल्यावर मी पेढे वाटायचे.”

मी तिचा हात धरला. इस्त्रीच्या वाफेने तो खरखरीत झाला होता.