झेंडे सीटखाली

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. बघा, तुम्ही आत्ताच हसायला लागलात! बरं, हसा. चहा घ्या आणि हसा. या फजितीवर अख्खा लातूर जिल्हा हसून झालाय, नांदेड जिल्हा हसून झालाय. त्यात तुम्ही चार जण वाढलात तर माझं काय बिघडणार?

तर मी सुभेदार. खरं नाव आता रेशनकार्डावर तेवढं उरलंय. फौजेतून रिटायर होऊन आलो, शिरूर अनंतपाळला पाईप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान टाकलं. ते चाललं. मग लातूरला दुसरं टाकलं. तेही चाललं! आता तुम्हीच सांगा, ज्यानं बर्फात पहारा दिला, आणि ऐन उन्हाळ्यात मोटार जळालेल्या शेतकऱ्याचा राग झेलला, त्याला आमदारकी काय जड आहे? मला तर वाटत होतं, विधानसभा माझीच वाट बघून राहिली आहे.

बायकोला, म्हणजे सुमनला, तसं वाटत नव्हतं.

"अहो, राजकारणात पाया पडावं लागतंय. तुमचे गुडघे वाकत न्हाईत. तुम्ही सॅल्यूट ठोकणार!"

"ठोकीन! लोकांना शिस्त आवडते."

"लोकांना जेवण आवडतंय," ती म्हणाली आणि भाकरी थापायला गेली. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

पक्षाच्या तिकिटासाठी लातूर आणि नांदेड, दोन्ही जिल्ह्यांच्या मुलाखती नांदेडच्या विश्रामगृहावर ठेवल्या होत्या. ही मुलाखत कशी असते माहीत आहे ना? आत निरीक्षक दोन प्रश्न विचारतात, पण त्यांचा कान असतो बाहेर. कोणाच्या मागं किती माणसं आली, कोणाच्या घोषणेनं खिडकीच्या काचा हादरल्या, त्यावर पारडं झुकतं. याला शक्तिप्रदर्शन म्हणतात. आमच्या तालुक्यातून इच्छुक दोघंच. एक मी, दुसरे बापूसाहेब. जुने पुढारी. निवडणुकीत दोनदा पडलेले, पण फेट्याचा तुरा तसाच ताठ.

आता साधा माणूस काय करतो? गाड्या भरतो, झेंडे लावतो, वाजतगाजत जातो. पण मी साधा माणूस आहे का? मी फौजी! मोहिमेची बातमी फुटली की मोहीम गेली, हे मला वरिष्ठांनी घोटून घोटून शिकवलेलं. बापूसाहेबांना कळलं असतं की माझ्याकडं एवढी माणसं आहेत, तर त्यांनी दुप्पट गोळा केली असती. म्हणून ठरवलं, शत्रूला गाफील ठेवायचं आणि ऐन वेळी दणका द्यायचा.

पाईपांच्या गोदामात बैठक घेतली. फरशीवर खडूनं नकाशा काढला. माझा उजवा हात म्हणजे गौतम. फौजेत माझ्याच तुकडीत हवालदार होता, आता माझं गोदाम बघतो. सगळी तयारी त्याच्यावर. आम्ही गावोगावी फिरून जमवलेली माणसं त्यानं रांगेत बसवली होती.

"गाड्या वेगवेगळ्या रस्त्यांनी जातील," मी सांगितलं. "काही अहमदपूर-लोह्यावरून, काही मुखेडकडून वळसा घालून. पक्षाचे झेंडे सीटखाली. फोन बंद करून गोणीत. तिथं पोचलं की रांगेत उभं राहायचं आणि गप्प बसायचं. कोणी विचारलं कोणाची माणसं, तर तोंड शिवलेलं! भांडण न्हाई, तंटा न्हाई."

"आन् इशारा काय, साहेब?" गौतमनं विचारलं.

"माझी फौजेतली शिट्टी. तीनदा वाजली की झेंडे वर आणि घोषणा सुरू!"

"आन् शिट्टी न्हाई वाजली तर?"

"तर कोणी हूं की चूं करायचं न्हाई. मी सोता येऊन सांगितलं तरी न्हाई! काय सांगावं, शत्रूनं माझ्यावर दबाव टाकला असंल."

"हाव साहेब. आन् घोषणेत तुमचं नाव घ्यायचं ना?"

"येडा का काय! सराव करताना कोणी नाव ऐकलं तर? नाव न्हाई घ्यायचं. मी विश्रामगृहाच्या पायरीवर उभा असेन. तुम्ही माझ्याकडं बघून ओरडायचं: समोर उभा कोण हाय? आमचा आमदार तोच हाय!"

काय घोषणा होती! मीच रचली होती. गोदामात सराव झाला तेव्हा पत्र्यावरची कबुतरं उडून गेली. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तटकन तुटलं.

सुमनला मात्र यातलं काही सांगितलं नाही. गुप्त म्हणजे गुप्त! मुलाखतीच्या सकाळी मी नेहमीची जाड खाकी पँट चढवली, तर ती दारात आडवी आली.

"मुलाखतीला चाललात का मोटार बसवायला?"

"काय झालं पँटीला?"

"पुढारी असे दिसतेत का? काढा ती आधी!" आणि तिनं कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता-पायजमा हातात दिला. आरशात बघितलं, तर मंत्रीच! मी त्याच नशेत गाडीत बसलो. स्वतःचाही फोन बंद केला. नियम म्हणजे नियम, सुभेदाराला वेगळा आणि शिपायाला वेगळा नसतो.

नांदेडला वेळेच्या आधी पोचलो. निरीक्षक मात्र दुपारी उगवले. तोवर आम्हा इच्छुकांना आतल्या दालनात बसवलेलं, खिडक्या मागच्या अंगणाकडं. पुढं काय चाललंय ते दिसत नव्हतं. शेजारी धर्माबादचे एक मिरचीचे व्यापारी बसले होते, तेही इच्छुक. ते मधेच बाहेर जाऊन आले आणि डोळे मोठे करून म्हणाले,

"सुभेदार, मैदानात लई माणसं जमलीत हो! रांगा करून उभी हायत, पण एकाचा आवाज न्हाई. असली शिस्त जिंदगीत बघितली न्हाई."

मी मिशीला हात लावला. "असं का? कोणाची म्हणायची?"

"बापूसाहेबांची! सगळे तेच बोलून राहिले."

आता मला धसकायला हवं होतं की नाही? पण मला इतका आनंद झाला म्हणता! शत्रूला वाटतंय ती त्याचीच माणसं! याला म्हणतात गनिमी कावा!

"आन् सगळ्यांच्या गळ्यात बापूसाहेबांची उपरणी हायत," मिरचीवाले पुढं म्हणाले.

उपरणी? मी तर उपरणी दिली नव्हती. क्षणभर अडखळलो. मग वाटलं, हे गौतमचं डोकं! शत्रूचाच गणवेश चढवला पठ्ठ्यानं! त्याला मी मनातल्या मनात बढती देऊन टाकली.

खरं काय झालं होतं ते नंतर कळलं. त्या दिवशी लग्नाची मोठी तीथ होती. बापूसाहेबांची सगळी माणसं पंगतीला बसलेली, आणि ते बिचारे दोन गाड्या घेऊन आले. बघतात तर समोर रांगेत उभा, बिनझेंड्याचा, बिनमालकाचा, मुका जमाव. त्यांनी विचारलं, "कोणाची माणसं रे?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. दोनदा पडलेला पुढारी तो, त्याला संधी ओळखायला शिकवावं लागतं का? गाडीच्या डिकीतून उपरण्यांचा गठ्ठा काढला आणि रांगेतून फिरत एकेकाच्या गळ्यात घालत गेले. माझी माणसं हलली नाहीत. भांडण नाही, तंटा नाही, असा माझाच हुकूम होता. मग बापूसाहेबांनी सगळ्यांना पोहे आणि चहा दिला. पोहे खायचे नाहीत असा काही हुकूम नव्हता.

माझं नाव पुकारलं. मी टाचा जुळवून आत गेलो. निरीक्षक मुंबईकडचे, प्रवासानं आंबलेले.

"तुमच्यासोबत किती लोक आलेत?"

"पुढं मैदानात बघा, साहेब."

"ती बापूसाहेबांची माणसं आहेत."

"असं शत्रूला वाटून राहिलं!"

"शत्रू कोण?"

"बापूसाहेब."

"अहो, ते आपल्याच पक्षाचे आहेत."

"ते खरं. पण चला माझ्यासोबत पायरीवर. एक इशारा देतो, मग बघा!" असं म्हणून मी रुबाबात खिशात हात घातला.

खिशात कंगवा होता. दुसऱ्या खिशात बडीशेपेची पुडी होती.

आणि माझी शिट्टी? माझी शिट्टी होती शिरूर अनंतपाळला, खाकी पँटीच्या खिशात!

पण फौजी हार मानतो का? दोन बोटं तोंडात घातली आणि जीव खाऊन फुंकलं. फुस्स! पुन्हा फुंकलं. निरीक्षकांच्या कागदांवर थुंकी उडाली.

"हे काय करताय तुम्ही?" ते खुर्ची मागं सरकवत म्हणाले.

"साहेब, त्या जमावातल्या पहिल्या रांगेतल्या पहिल्या माणसाला बोलवा. तोच सांगेल!"

गौतम आला. गळ्यात बापूसाहेबांचं उपरणं, ओठाला पोह्याचा कण. सावधान उभा राहिला.

"तुम्ही कोणाची माणसं?" निरीक्षकांनी विचारलं.

गौतम गप्प.

"अरे गौतम, सांग त्यांना!"

गौतम गप्प. नजर समोरच्या भिंतीवर.

"हुकूम मागं घेतला रे! मी सोता सांगून राहिलो ना!"

त्यानं एकदाच माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत इतकी दया होती की काय सांगू! त्याला वाटलं, साहेबांवर दबाव आहे.

"बापूसाहेबांची माणसं का?" निरीक्षकांनी विचारलं. गौतम तरीही गप्पच. निरीक्षकांनी हात झटकले. "गप्प म्हणजे हो. या तुम्ही, सुभेदार. आणि उन्हात फार फिरू नका."

मी बाहेर पडलो तो बाजूच्या दारानं, खाली मान घालून. वर्षभर गावोगावी हिंडलो होतो हो. लोकांनी खरंच जीव लावला होता, कामं टाकून आले होते. आणि मी त्यांचीच तोंडं शिवून ठेवली होती.

तेवढ्यात फाटकातून हाक आली.

"अहो!"

बघतो तर सुमन! डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, एसटीच्या धुळीनं माखलेली.

"पँट धुवायला घेतली तर खिशात ही. उशाला ठेवून झोपता तिला, म्हटलं काहीतरी महत्त्वाचं असंल. फोन लावून लावून बेजार झाले! शेवटी निघाले. अहमदपूरला गाडी बदलली, तिथं जागा न्हाई, उभ्यानं आले."

आणि तिनं माझी शिट्टी काढून हातावर ठेवली. लग्नात तिनं हार घातला तेव्हासुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता. (हे तिला सांगू नका.)

पुढचा मागचा विचार केलाच नाही. तिथंच, फाटकात, जमावाच्या पाठीमागं उभं राहून मी छातीत वारा भरला आणि तीनदा वाजवली.

काय दृश्य होतं ते! सगळे एकदम धावले, गाड्यांची दारं एकदम उघडली, सीटखालून झेंडे निघाले आणि क्षणात मैदान झेंड्यांनी भरून गेलं! सकाळपासून कोंडलेला आवाज असा फुटला की विश्रामगृहाच्या काचा खरंच हादरल्या.

"समोर उभा कोण हाय?"

"आमचा आमदार तोच हाय!"

मी डोळे मिटून घेतले. कान तृप्त झाले. मग हळूच डोळे उघडले आणि लोक बघत होते तिकडं बघितलं.

जमाव बघत होता पायरीकडं. मी होतो जमावाच्या मागं, फाटकात. आणि पायरीवर, जमाव बघायला बाहेर आलेल्या निरीक्षकांच्या शेजारी, हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून कोण उभं असेल?

बापूसाहेब!

"समोर उभा कोण हाय?" गौतम घसा फोडून ओरडत होता. त्याचं चुकलं नाही. माणसांचंही नाही. घोषणा तर माझीच. निरीक्षकांनी तिथंच बापूसाहेबांच्या पाठीवर थाप मारली आणि तिकीट कुठं गेलं ते शेंबड्या पोराला कळलं.

सुमन पिशवीची घडी घालत म्हणाली, "तुमची माणसं लई चांगली हायत. तुमचा शब्द मोडत न्हाईत. तुमचा शब्द मोडणारंबी एखादं माणूस जवळ ठेवत जावा."

"आता कुठून आणू?"

"घरात हाय की. पण त्याला तुम्ही काही सांगतच न्हाई!"

बापूसाहेब निवडून आले. माणूस दिलदार, मला विसरले नाहीत. राज्याच्या माजी सैनिक आघाडीत त्यांनीच मला घेतलं. पुढं ते खासदार होऊन दिल्लीला गेले, तर मलाही सोबत नेलं. अशा रीतीनं मी आधी राज्याच्या आणि मग देशाच्या राजकारणात पोचलो, बापूसाहेबांच्या गाडीतल्या मागच्या सीटवर बसून. दिल्लीच्या अधिवेशनात त्यांनी भर सभेत माझी ओळख करून दिली, "हेच ते सुभेदार, यांच्या एका शिट्टीवर मी आमदार झालो!" टाळ्यांचा कडकडाट. मी उठून सॅल्यूट ठोकला. गुडघे आजही वाकत नाहीत.

पण ऐका. आता बापूसाहेब दिल्लीत रमलेत, विधानसभेची जागा मोकळी आहे. यंदाचं तिकीट माझंच, लिहून घ्या! मागच्या चुका ध्यानात घेऊन नवी योजना आखली आहे. अशी जबरदस्त की बघत राहाल.

काय आहे म्हणता? छे, छे! ते कसं सांगणार? यंदा तर गौतमलासुद्धा सांगितलं नाही.