रुमालाखाली काय होतं

माझ्या दिरांना गोळी लागली तेव्हा मी त्यांच्या अगदी मागे उभी होते. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यानंतर जे छापून आलं, जे टीव्हीवर दाखवलं गेलं, ते लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या एकालाही मला एक शब्द विचारावासा वाटला नाही.

आमची दोन्ही घरं मोहालीत, एकाच सोसायटीत. माझे यजमान विद्यापीठात शिकवतात आणि भावोजी एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचे. सांगली सुटून जमाना झाला, तरी गणपती शाडूचाच पाहिजे हा त्यांचा हट्ट. इथली मराठी मंडळी दरवर्षी मिळून मूर्ती मागवतात. त्या शेजारच्या चंदीगडला, सेक्टर बावीसमधल्या एका दुकानात उतरतात आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी जो तो आपापली घेऊन जातो. धाकटी जाऊ घरी साफसफाईत बुडालेली, म्हणून भावोजींबरोबर मी गेले होते.

मूर्ती घरी आणताना तिच्या तोंडावरून रुमाल टाकायचा. वाटेत जमिनीला टेकवायची नाही. हे आम्हाला कुणी बसवून शिकवलेलं नाही, बघून बघून अंगात मुरलेलं. भावोजींनी मूर्ती घेतली, नवा रुमाल तिच्यावर टाकला आणि तिला छातीशी धरून ते चालू लागले. तेवढ्यात बाजारात पळापळ झाली. दोन पोरं मोटारसायकल टाकून गर्दीत घुसली आणि त्यांच्यामागे साध्या कपड्यांतले पोलीस, हातात पिस्तुलं. पुढे कुठेतरी गोळ्या झडल्या. त्या पोलिसांतला एक जण आमच्यासमोर थांबला आणि भावोजींवर पिस्तूल रोखून ओरडला, "नीचे रख! नीचे रख!"

इथला दुसरा कुणीही असता तर हातातलं टाकून देऊन हात वर केले असते. भावोजींनी खाली पाहिलं. रसवाल्याच्या गाडीखालून चिपाडांचं घाण पाणी वाहत होतं. गाडीशेजारी त्याचं प्लास्टिकचं स्टूल होतं. "एक मिनट जी, भगवान हैं," असं म्हणून ते स्टुलाकडे वळले. त्या माणसाने गोळी झाडली.

मला अजूनही भावोजींचा राग येतो. टाकायची होती ना ती मूर्ती! दुसरी आणली असती. नसती मिळाली तर सुपारी मांडून पूजा केली असती. शिकलासवरला माणूस, पिस्तुलासमोर कसलं सोवळं सांभाळत बसला!

संध्याकाळपर्यंत भावोजी टीव्हीवर आले होते. दुकानाच्या कॅमेऱ्यातली चित्रफीत होती, त्यांच्या छातीशी लाल वर्तुळ काढलं होतं आणि निवेदक घसा फोडून विचारत होता, रुमालाखाली काय होतं? चित्रफितीला आवाज नव्हता, त्यामुळे भावोजी काय बोलले ते कुणाला ऐकू आलं नाही. ते वळले एवढं दिसत होतं. कशाकडे वळले ते दिसायच्या आत ती तोडली होती. स्टूल कुणाला दिसलंच नाही. पत्रकार परिषदेत एका साहेबांनी शांतपणे कागद वाचला. संशयिताने सूचना देऊनही वस्तू खाली ठेवली नाही, तो पळायच्या बेतात होता, टोळीशी असलेले त्याचे संबंध तपासत आहोत, आणि घटनास्थळी सापडलेली पांढरट पावडर प्रयोगशाळेत पाठवली आहे.

पांढरट पावडर! फुटलेल्या गणपतीची माती होती ती. आणि आपलं मराठी चॅनेल, जे दोन शब्द कानावर पडावेत म्हणून आम्ही मुद्दाम लावून घेतलं होतं, ते तर सगळ्यांच्या पुढे. 'चंदीगडच्या टोळीयुद्धात मराठी माणूस!' म्हणे. मी हिंदी चॅनेलला फोन केला. मी तिथे होते, मी सगळं पाहिलंय, असं सांगितलं. पलीकडची मुलगी म्हणाली, "मैडम, आपके पास वीडियो है?" व्हिडिओ नाही म्हटल्यावर तिने फोन ठेवला.

रसवाल्याकडेही जाऊन आले. "मैं तो अंदर था जी," एवढंच तो म्हणाला. गाडीला आत-बाहेर काय असतं? पण त्याला रोज तिथेच गाडी लावायची होती. आमच्या मंडळाने ग्रुपवर संदेश टाकला की एका दुर्दैवी घटनेमुळे यंदा आरती साधेपणाने होईल. घटना कुणाच्या घरची ते लिहिलं नव्हतं. दरवर्षी हक्काने मोदक हादडणाऱ्यांपैकी एकही जण दार ठोठावायला आला नाही.

पुतणी सातवीत. तिच्या वर्गातल्या कुणीतरी ती लाल वर्तुळाची चित्रफीत मुलांच्या ग्रुपवर टाकली आणि तिने शाळेत जायचं सोडलं. मराठी तिला सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीच.

"काकू, पापा भागे थे क्या?" तिने मला विचारलं.

"नाही गं बाळा, मी होते ना तिथे."

"तो सब झूठ क्यों बोल रहे हैं?"



मी पोलिसांना जबाब दिला होता. त्यात स्टूल होतं, भावोजींचे शब्द होते आणि गोळी झाडणारा माणूस होता. काही दिवसांनी एक अधिकारी घरी आला. अगदी अदबीने बोलणारा, चहाचं कौतुक करणारा. म्हणाला, "भाईसाहब बेक़सूर थे, हम भी मानते हैं जी. प्रेस नोट निकाल देंगे. बस आपके बयान में एक बात अटक रही है. उतनी भगदड़ में गोली किसकी थी, यह आप कैसे कह सकती हैं?"

"क्योंकि मैंने देखा."

"देखा होगा जी. लिखवाना ज़रूरी है?"

धाकटी जाऊ दारात उभी राहून ऐकत होती. तिने मला आत बोलावलं.

"ताई, गोळीचा आवाज आला तशी मी खाली वाकले, असं सांगा."

"आणि ज्याने मारलं तो?"

"त्याचं देव बघून घेईल. मला पोरीला शाळेत पाठवायचंय."

माझा तोल गेला. "देवापायीच गेले ना ते!" मी म्हटलं. ती रडली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "हो. आणि त्यांच्यामागे मी राहिलेय, तुम्ही नाही. खऱ्याचं काय लोणचं घालू मी? तिच्या बापाला गुंड म्हणतात तेवढं थांबवा."

बाहेर जाऊन मी नव्या जबाबावर सही केली. मी खाली वाकले होते, मला काही दिसलं नाही. सरकारदरबारी आता हेच खरं आहे.

दोन दिवसांत भावोजी पुन्हा टीव्हीवर आले. निवेदक तोच, घसाही तोच. लाल वर्तुळाच्या जागी हार घातलेला फोटो होता आणि खाली पट्टी, 'गुंडांच्या गोळीने घेतला गणेशभक्ताचा बळी'. त्या पावडरीचं काय झालं हे कुणी विचारलं नाही. ती दोन पोरं पकडली गेली, पोलिसांच्या पथकाची पाठ थोपटली गेली. मंडळाने शोकसभा घेतली. सगळे आले, पांढरे कपडे घालून आले, आणि आम्हाला पहिल्यापासून खात्री होती असं एकेकाने माझा हात धरून सांगितलं. मी ऐकून घेतलं. त्या दिवशी मला माणसांची शिसारी आली.

पुतणी शाळेत जायला लागली. पहिल्या दिवशी मी आणि जाऊ वाट बघत स्वयंपाकघरात बसलो होतो. ती दप्तर टाकून आत आली, चेहरा उजळलेला.

"मम्मी, असेंबली में प्रिंसिपल मैम ने पापा का नाम लिया! सब खड़े हो गए थे."

ती जेवायला बसली. किती दिवसांनी पोटभर जेवत होती. पोळीचा तुकडा मोडता मोडता तिने माझ्याकडे पाहिलं.

"काकू, जिसने पापा को गोली मारी, वो पकड़ा गया ना?"

जाऊने तव्यावरची पोळी उलटली नाही. तशीच पाठमोरी उभी राहिली.

"हो," मी म्हटलं.

"पक्का?"

"पक्का."