मीटर अठरावर येईपर्यंत

मी सरांची कॉलर धरली तेव्हा आत दोघं पडली होती. नाझनीन मशीनजवळ, भिंतीकडे तोंड करून. आमचा टेक्निशियन गुरव दारापाशी पालथा, पाय उंबऱ्याकडे. जमिनीवर गुडघाभर पांढरं धुकं. सर दार उघडून आत घुसायच्या बेतात होते.

"मावशी, सोडा मला! मरतील दोघं!"

"तुम्ही गेलात की तीन होतील. मागच्या बाजूला जा आणि खिडकी फोडा."

"अहो, मी हेड आहे इथला!"

"म्हणूनच सांगते. पळा."

ते पळाले. पन्नाशी उलटलेला माणूस, चपला तिथेच टाकून पळाला.

मी विद्यापीठाच्या फिजिक्स डिपार्टमेंटमध्ये लॅब अटेंडंट होते. शिक्षण चौथीपर्यंत. झाडू मारायला लागले, पुढे लॅबच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. फिजिक्स मला येत नाही. लॅबमध्ये कशाला हात लावायचा नाही, ते येतं. तेवढ्यावर नोकरी निभली.

नाझनीन आमची फेलो. पीएच.डी. तर झाली, पण प्रोफेसरची नोकरी अजून लागलेली नाही, अशा मधल्या काळातल्या माणसाला फेलोशिप मिळते. ठरलेली वर्षं पगार, मशीनला पैसे, आणि काम स्वतःच्या मनाचं. मध्ये एकदा कमिटी येऊन तपासते. काम पटलं तर पुढची वर्षं, नाहीतर टेबल रिकामं करायचं. नाझनीन रत्नागिरीचीच, बंदरालगतच्या मोहल्ल्यातली. वडील आखातात बोटीवर. पुण्याला जागा मिळत असून ती इथे आली, कारण असं मशीन कोकणात नव्हतं आणि तिला ते इथेच हवं होतं.

तिचं काम नखाएवढ्या काचेच्या तुकड्यावर. त्यावर कसलातरी पातळ थर द्यायचा, तो अतिशय थंड करायचा आणि त्यातून वीज कशी जाते ते मोजायचं. थंड करायला लिक्विड नायट्रोजन लागतो. नायट्रोजन विषारी नाही, आपल्या श्वासातली बरीचशी हवा तीच. फार थंड केला की तो पाण्यासारखा पातळ होतो. आमच्याकडे तो गुरांच्या दवाखान्यांच्या गाडीतून यायचा, कारण वळूचं वीर्यही त्यातच गोठवून ठेवतात. ड्रायव्हर दर वेळी विचारायचा, "मॅडम, तुमचा वळू कुठल्या जातीचा?"

नाझनीन सही करता करता म्हणायची, "नाव नाय ठेवलं अजून. तुमचंच ठेवू काय?"

अडचण होती आमच्या हवेची. मे महिन्यात इथे मीठसुद्धा बरणीत ओलं होतं. तिचा तो थर दमट हवेने खराब व्हायचा. तीन तुकडे वाया गेले आणि कमिटी आठ दिवसांवर आली. मग तिने खोलीच बंद केली. खिडकीच्या फटी, एक्झॉस्ट फॅनचं भोक, सगळ्यावर टेप. टेप मीच आणून दिली होती. पाली गावात आमच्या घरी आंब्याच्या पेट्यांना लावतात ती खाकी टेप, दोन रिळं.

"मावशी, बघा, एकदम हवाबंद!"

"आणि तू श्वास कसला घेणार?"

"एसी आहे ना."

एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो, हे मला माहीत होतं. पण पीएच.डी. झालेली मुलगी सांगते म्हणून मी ऐकून घेतलं. भिंतीवर हवेतला ऑक्सिजन दाखवणारं मीटर होतं. त्याचा बझर दमटपणाने उगाच बोंबलतो म्हणून गुरवने वायर काढून ठेवली होती. आणि बंद खोलीत एकटीने काम करायची परवानगी सरांनी सही करून दिली होती. चूक कुणा एकाची नव्हती, त्यामुळे कुणालाच दिसली नाही.

त्या दुपारी नायट्रोजनच्या टाकीपासून मशीनकडे जाणारी नळी सांध्यातून सुटली. एक लिटर द्रवाचा जवळजवळ सातशे लिटर वायू होतो. खोलीतली हवा तो बाजूला सारतो. वास नाही, खोकला नाही, गुदमरल्यासारखं होत नाही. माणूस छाती भरून श्वास घेतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या श्वासाला कोसळतो. मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरने हे आम्हाला समजावलं होतं. बाकीच्यांनी वहीत लिहून घेतलं. मला लिहायची गरज नव्हती. मी लहान असताना आमच्या वाडीत बावीतला गाळ काढायला एक जण उतरला. बाव म्हणजे विहीर. तो हाकेला ओ देईना म्हणून त्याचा भाऊ उतरला. भावाला बघायला तिसरा. कंदील आधी सोडून बघायचा असतो, तो विझला तर उतरायचं नसतं. हे वाडीतल्या सगळ्यांना माहीत होतं. पण आपलं माणूस खाली पडलेलं दिसलं की कंदील कुणाला आठवत नाही. तिघांनाही दोर लावून वर काढलं.

गुरवचं तेच झालं. दाराच्या काचेतून त्याला नाझनीन पडलेली दिसली आणि तो धावला.

सर खिडकीकडे गेले तसा मी दाराला स्टूल लावून ते उघडं ठेवलं. बाहेरच्या हवेत तोंड करून मोठा श्वास घेतला, दाबून धरला, वाकले आणि गुरवचे घोटे पकडून ओढला. भाताचं पोतं परवडलं. अर्धा बाहेर आला. परत श्वास घेतला, परत ओढला. पॅसेजमध्ये त्याला कुशीवर केला. श्वास चालू होता.

तिकडून धाडकन आवाज आला. सरांनी कंपाउंडचा सुटलेला चिरा उचलून तावदानावर घातला होता. काच फुटली पण पडेना, टेपने धरून ठेवली. टेप चांगलीच होती. तिसऱ्या घावाला खिडकी मोकळी झाली आणि खाडीकडचा वारा आत आला. मी वर्गातला उभा पंखा ओढत आणला, दारात लावला, तोंड आतल्या बाजूला. सर धावत आले. हाताला रक्त लागलेलं.

"आता जाऊ?"

"मीटर वाचा. माझा चष्मा टेबलावर राहिलाय."

दारातून मीटरचा आकडा दिसत होता. चांगल्या हवेत तो एकवीसच्या आसपास असतो.

"अकरा."

"नाही."

"मावशी, पोर निळी पडलीये!"

"दिसतंय मला. किती?"

"तेरा. चौदा."

"नाही."

"तुम्हाला काळीज आहे की नाही?"

"नंतर बघू. किती?"

सर आकडा वाचत होते आणि रडत होते. मी त्यांच्या आणि दाराच्या मध्ये उभी होते. सगळा वेळ फार तर दोन मिनिटं असेल. लोक म्हणतात तसा तो मला युगासारखा वगैरे वाटला नाही. दोन मिनिटांसारखाच वाटला, आणि दोन मिनिटं पुष्कळ असतात.

"सतरा. अठरा. अठरा झालं!"

"चला. वाकताना श्वास धरा, खाली अजून धुकं आहे."

त्यांनी काखेत धरलं, मी पाय. पॅसेजमध्ये आणून ठेवली तर तिचा श्वास नव्हता. ओठ जांभळे. सर एनएसएसचे कँप घ्यायचे, छाती कशी दाबायची ते त्यांना येत होतं. इथे मात्र त्यांनी मला काही विचारलं नाही. दाबत राहिले, मी मोठ्याने आकडे मोजत राहिले. मला शंभरपर्यंतच भराभर मोजता येतं, दुसऱ्यांदा सुरू केलं. मध्येच तिने ओढून एक श्वास घेतला. मग दुसरा. मग ओकली. ओकली तेव्हा मी मोजायचं थांबवलं.

पाठीमागून गुरवचा आवाज आला. "मावशी, मी कधी पडलो ओ?"

"आधी नाव सांग तुझं."

"गुरव."

"मग बस गप."

नाझनीन दोन दिवस दवाखान्यात होती. नायट्रोजन सांडला तिथे डावा हात पडल्यामुळे बोटांवर भाजल्यासारखे फोड आले होते. थंडीनेही कातडी भाजते. तिची आई उशाशी बसून म्हणाली, "सोड ती नोकरी."

"अम्मी, ती नोकरी नाहीच आहे अजून," नाझनीन म्हणाली.

कमिटी ठरलेल्या दिवशी आली. दाखवायला ग्राफ नव्हता. सर म्हणाले, "तांत्रिक अडचण आली, एवढंच लिही." तिने सगळं लिहिलं. टेप, बझर, परवानगी. टेप कुणी आणली तेही लिही, असं मी सांगितलं. कमिटीतल्या म्हाताऱ्या सरांनी मला आत बोलावलं.

"आत जायचं नाही हे तुम्हाला कसं सुचलं?"

"विहिरीत मेलेली माणसं बघितलीत."

कमिटीने फेलोशिप तीन वर्षांऐवजी एकच वर्ष वाढवली. अट घातली की एक्झॉस्ट फॅन चालू, बझर जोडलेला आणि खोलीत कायम दोन माणसं. त्या वर्षात नाझनीनने काचेची एक छोटी पेटी बनवून घेतली, आत कोरडी हवा, आणि तुकडा त्या पेटीत ठेवला. ग्राफ आला. उरलेली दोन वर्षंही मिळाली. दमट हवेपासून झाकायचा होता नखाएवढा तुकडा, आम्ही अख्खी खोली झाकून बसलो होतो. कुठली वस्तू जपायची आहे ते आधी नीट बघावं.

मी आता रिटायर आहे. त्या खोलीत त्या दिवशी आधी नाझनीन होती, मग गुरव गेला, शेवटी सर आणि मी. चौघंही जिवंत आहोत.