चादरीखालची जखम

"ही प्रेशर इंज्युरी आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे सतत दाब पडून कातडीला झालेली जखम. मला वाटलं, पाठीला असेल. "नाही, लघवीच्या नळीमुळे. मांडीखाली दबली होती. ताणामुळे पुढे, लघवीच्या जागीही कातडी फाटली आहे. चिघळली तर शस्त्रक्रिया करावी लागेल."

माझे वडील, आप्पा, न्यूमोनियामुळे आठ दिवस व्हेंटिलेटरवर, म्हणजे श्वास देणाऱ्या यंत्रावर होते. गुंगीत. दुखतंय हे ते सांगणार कसं? मग बघायचं कुणी?

कॅथेटर, म्हणजे ही नळी, थोडी सैल ठेवून मांडीवर चिकटवायची असते. पायाखाली येऊ द्यायची नसते. सिस्टरांनी प्रत्येक पाळीत कातडी तपासायची असते. आप्पांच्या कागदावर रोज लिहिलं होतं, 'कातडी ठीक'. चादर न उचलताच! मी हे तिथंच, सगळ्यांसमोर बोलले.

प्रमुख सिस्टर म्हणाल्या, "भेटीनंतर चादर घट्ट खोचलेली असायची."

ती आई खोचायची. वरवे बुद्रुकहून रोज एसटीने यायची आणि परक्या बायकांसमोर नवरा उघडा पडू नये म्हणून चादर त्यांच्या मांड्यांखाली दाबायची. नळीही त्यात जायची. सफाईच्या मावशी हसायच्या, "काय वो ताई, मानूस पळून चाललाय का?" मीही हसले होते. बापाकडे बघायची मलाही लाजच.

आईला सांगितलं, तर तिने विचारलं, "म्या केलं व्हय गं?"

"नाही आई. बघायचं काम त्यांचं होतं."

आजही मी हेच म्हणते. घरच्यांची लाज ही शिकलेल्या माणसांची सबब होऊ शकत नाही.

एका तरुण सिस्टरने मात्र मला पलंगाशी नेलं, नळी कशी ठेवायची ते दाखवलं. "आणि रोज विचारा, नळी अजून लागते का?" व्हेंटिलेटर निघाला तसं मी विचारलं. त्याच दुपारी नळी निघाली. जखम भरायला महिना गेला, पण शस्त्रक्रिया टळली. त्या सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही.

आप्पांना घरी न्यायच्या दिवशी आयसीयूबाहेर वेल्ह्याकडची एक बाई बसली होती; तिचा नवरा आत होता. आई तिच्याशेजारी टेकली.

"मालकास्नी नळी लावलीय का?"

"व्हय."

"मांडीखाली तर न्हाई ना? चादर उचलून बघ. लाजू नगंस."

ती बाई उठली आणि भेटीची वेळ व्हायच्या आधीच दार वाजवू लागली.