यादीत नसलेली मावशी

आमच्या कंपनीला नांदेड जिल्ह्यात गरम पाण्याच्या झऱ्याजवळ खोल बोअर घेऊन जमिनीतल्या उष्णतेवर वीज तयार करायची होती. त्यासाठी गावात कुणाकुणाला विचारायचं, याची यादी करणं माझं काम होतं. सरपंच, शेतमालक, देवस्थानचे पंच, सगळे लिहिले होते.

ग्रामसभेत संमतीच्या कागदावर सह्या सुरू होणार, तेवढ्यात एक म्हातारी उठली. लातूरकडच्या भूकंपात तिची दोन लेकरं ढिगाऱ्याखाली गेली होती. तेव्हापासून ती इथं भावाकडं राहायची.

"साहेब, एवढं खोल खोदल्यावर जमीन हलणार न्हाई, असं लिहून देता का?"

कंपनीचे मोठे साहेब माझ्याकडं रोखून बघत होते. नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर सह्या झाल्या असत्या.

"नाही देऊ शकत, मावशी."

त्या दिवशी एकही सही झाली नाही. परतताना जीपमध्ये साहेबांनी एवढंच विचारलं, "मग आपल्याला काय लिहून देता येईल?" महिन्याभरानं आम्ही हादरे मोजायचं यंत्र घेऊन गेलो. जमीन हलली तर गावानं काम थांबवावं, असं लेखी दिलं. बाकीच्यांनी सह्या केल्या. मावशीनं यंत्रासाठी आपल्या अंगणात जागा दिली, अंगठा मात्र दिला नाही.