कात्रीच्या कड्यातला अंगठा

सदर इसम मध्यमवयीन, मध्यम बांध्याचा, विवाहित. धंदा: शर्टाच्या कारखान्यात कापड कापणे. ओळखीची खूण: उजव्या अंगठ्याला घट्टा. वार्षिक तपासणीतला शेरा: कामास योग्य.

शेरा मारणाऱ्याने अंगठा पाहिला नव्हता.

या इसमाला कारखान्यात सगळे मास्तर म्हणत. मास्तरांची कात्री जुनी, वजनदार. तिचं कडं सैल होतं, म्हणून उमेदीच्या काळात त्यांनी त्याला कापडाची पट्टी गुंडाळली होती. सांधे सुजू लागले तसा, अंगठा मावावा म्हणून, पट्टीचा एकेक वेढा सोडावा लागला आणि एके सकाळी अंगठ्याला उघडं लोखंड लागलं. आता अंगठा कड्यात शिरेनासा झाला की कापायचं टेबल सुटणार, पॅकिंगला खोकी चिकटवत बसावं लागणार, हे मास्तरांना कुणी सांगायला नको होतं.

"भावजी, तेल-तूप बंद करा, सूज पळते की नाही बघा," मेहुणे म्हणाले. मेहुणे विमा विकतात, त्यामुळे त्यांना सगळ्याच आजारांतलं कळतं. मास्तरांनी तेल, लोणी, मासे, अक्रोड, सगळ्यांना घरबंदी केली. बायको मुकाट्याने भाज्या उकडू लागली. ते बेचव जेवण चार घासांत आटपायचं आणि मग पोटात कावळे ओरडायचे. कारखान्यात त्यावर इलाज होता: बिनतेलाचे टोस्ट, वर जाम, सोबत गोड चहा, भूक लागेल तेव्हा. तेलाचा थेंब नाही, म्हणून मनाला बोचही नाही.

एका संध्याकाळी अंगठा कड्यात अडकला तो निघेचना. मास्तर कात्री रुमालाने झाकून चालत घरी आले.

"ओव्हरटाइम घरी आणलात वाटतं?" बायको दारातच म्हणाली.

"आधी काढ गं."

तिने माळ्यावरची तेलाची बाटली काढली. अंगठा सुटला. दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याला दवाखान्यात नेलं.

"काय खाता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही. टोस्ट."

"किती?"

मास्तर पंख्याकडे पाहू लागले.

"अहो काका, सगळ्या तेलांना एकाच माळेत ओवू नका. तळून तळून काळं झालेलं तेल, वनस्पती तूप, हे वाईटच. पण मासे, अक्रोड यांतली चरबी उलट सूज कमी करायला मदत करू शकते. मैदा आणि साखर मात्र रक्तात झटकन चढते. दिवसभर चढत राहिली की आत निखारा धुमसत राहतो. ते आधी सोडा. आणि गोळ्या घ्याच, नुसत्या खाण्याने सांधे बरे होत नाहीत."

"म्हणजे मी आगीत साखर ओतत होतो," मास्तर थकून म्हणाले.

"आणि मी भाज्या उकडत होते," बायको म्हणाली.

टोस्ट सुटले. मास्तर भरड धान्य आणि मासे चावत राहिले. उत्साह नव्हता, पण चावायला तो लागत नाही. रोज सकाळी बायको विचारायची, "वळतोय का?" मास्तर अंगठा वळवून म्हणायचे, "बघू."

मधल्या काळात कॉलरी वाकड्या कापल्या गेल्याचं सुपरवायझरच्या नजरेला आलं होतं. त्याने आवाज चढवला नाही, नुसतं टेबल बदललं.

सूज सावकाश उतरली. घरी खिळ्याला टांगलेल्या कात्रीच्या कड्यावर पट्टीचा एक वेढा परत चढला.

यंदाच्या तपासणीतही शेरा तोच आहे. मास्तर पॅकिंगला खोकी चिकटवतात.